सरपंच बाहेर झोपतात

पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. साताऱ्याहून हिरडा न्यायला ट्रक यायचा होता आणि घाट उतरताना ट्रक असाच लांबून घुमत यायचा. आवाज वाढत गेला, घराच्या मागून गेल्यासारखा वाटला आणि थांबला. पाणी उकळून आटलं तरी दारात कोणी आलं नाही. ओट्यावर येऊन पाहिलं तर रस्ता मोकळा. समोरच्या घरातली बाईसुद्धा हातातलं सूप तसंच धरून रस्त्याकडे बघत उभी होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेलो.

मी सांगलीची. सपाट मुलूख, काळी जमीन, संथ नदी. कोयनेचं धरण भरायला लागलं त्याच्या आदल्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी मेढ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका बाजाराच्या गावी आले. घरं दगडमातीची, वर जड कौलं. यजमानांचा हिरड्याचा व्यापार होता. रानातली माणसं हिरडा वेचून, वाळवून आणायची, तो हे विकत घ्यायचे आणि कातडी कमावणाऱ्यांसाठी पुढे पाठवायचे. घराला लागूनच गोदाम. तुरट वासाचे, खडखडीत वाळलेल्या हिरड्याचे ढीग छपरापर्यंत चढलेले असायचे. वयानं तिशीतच होते तरी गावानं ह्यांना सरपंच केलं होतं. एस.टी. गावापर्यंत आणली, बौद्धवाड्यात विहीर खणून दिली, म्हणून लोक मान द्यायचे. आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की हे मागच्या पडवीत बसून क्लॅरिनेट वाजवायचे.

क्लॅरिनेट ते बौद्धवाड्यातच शिकले. तिथे एक पेन्शनर होते, पलटणीच्या बँडात आयुष्य काढलेले. सगळे त्यांना बँडमास्तर म्हणायचे. छप्पन साली त्या लोकांनी धर्म बदलला, गावकीची हलगी वाजवायचं काम सोडलं, आणि मास्तरांनी वाड्यातल्या पोरांना घेऊन बँड उभा केला. आमंत्रण आलं तरच जायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं, हा त्यांचा नेम. हे रोज त्यांच्या अंगणात जाऊन शिकले. आमच्या आळीला ते रुचलं नाही. माझे थोरले चुलत दीर एकदा भर दुकानात म्हणाले, "व्यापाऱ्याच्या घरात पिपाणी वाजायला लागली म्हणायची!"

"पिपाणी नाही दादा, क्लॅरिनेट," एवढंच हे म्हणाले आणि तागडी पुढे ओढली.

तो आवाज मग येतच राहिला. कधी महिन्यातून एकदा, कधी आठवड्यात दोनदा. कोणी म्हणे, धरणाचं पाणी धरतीच्या पोटात उतरतंय. ज्यांची शेतं बुडाली होती ते म्हणत, आमची हाय लागलीय. माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. वाजवता वाजवता हे मध्येच क्लॅरिनेट ओठांपासून दूर करायचे आणि मान पश्चिमेकडे वळवायचे. मग दोन क्षणांनी मला ती घरघर ऐकू यायची. असं बऱ्याचदा झाल्यावर मी विचारलं, "अहो, तुम्हाला आधी कसं ऐकू येतं?"

"ऐकू येत नाही," हे म्हणाले. "दातांत येतं."

त्यानंतर मी स्वयंपाकघरातून ह्यांचं वाजवणं वेगळ्याच कानानं ऐकायला लागले. सूर लांबला की बरं वाटायचं. मध्येच तुटला की मी आमच्या लहानग्या पोरीला आधी कडेवर घ्यायचे.

सदुसष्ट साली गणपती बसलेले होते. भर दुपारची वेळ, मी पानं वाढत होते. आवाज आला आणि या वेळी तो मागून निघून गेला नाही, घराखालीच थांबला. जमिनीनं खालून ठोसा दिला. फडताळातली भांडी खाली आली, पाटावरची मूर्ती सरकत कडेला आली आणि ह्यांनी उष्ट्या हातानंच ती धरली. सगळं क्षणात थांबलं. पण गोदामातून आवाज येतच होता. बंद गोदामात, कोणी नसताना, हिरड्याचा ढीग खळखळ करत खाली घरंगळत होता. बराच वेळ घरंगळत होता. आम्ही दोघं जेवणावरून उठून तो ऐकत उभे राहिलो. नंतर कुलूप काढून पाहिलं तर मागच्या भिंतीला चीर गेली होती. तिच्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

दोन दिवसांनी साताऱ्याहून सरकारी जीप आली. एक साहेब आणि त्यांच्याबरोबर दोघं. चहा आमच्याच घरी झाला. साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, "सरपंच, लोक फार घाबरलेत. तुमचा शब्द मानतात. त्यांना धीर द्या, काळजीचं कारण नाही म्हणून सांगा."

ह्यांनी विचारलं, "पुन्हा होईल का साहेब?"

साहेबांनी कप बशीतल्या बशीत फिरवला. "तसं काही सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण लोकांना तसं सांगू नका."

संध्याकाळी चावडीसमोर गाव जमलं. ह्यांनी साहेबांचं म्हणणं सांगितलं. काळजीचं कारण नाही, आपापल्या घरात राहा, अफवांवर विश्वास ठेवू नका. लोकांचे चेहरे मोकळे झाले. बायका हसत घरी गेल्या. आणि रात्रीची जेवणं झाल्यावर ह्यांनी आमची अंथरुणं उचलून मागच्या परड्यातल्या गवताच्या खोपटात नेली.

"हे काय?" मी म्हटलं.

"आत उकडतंय."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी पोरीच्या अंगावर दोन वाकळा घातल्या आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

सकाळी मास्तरांची बायको शेण न्यायला परड्यात आली. खोपटातली अंथरुणं तिनं पाहिली. हे दात घासत उभे होते. तिनं पाटी खाली ठेवली.

"शेठ, एक इचारू का?"

"विचार की."

"तुमी काल चावडीवर सांगितलंसा, भ्यायचं कारण न्हाई. आन तुमी सोता भायेर निजताय व्हय?"

ह्यांनी चूळ भरून टाकली.

"आमचं मालक तुमच्या शबदावर नातवंडास्नी घिऊन दगडाच्या भिताडाखाली निजलं," ती म्हणाली. "मी नगं म्हनत हुते. तर मलाच म्हनलं, शेठ खोटं बोलायचा न्हाई."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिनं पाटी भरली आणि गेली. ह्यांनी तांब्या खाली ठेवला. मग अंगात सदरा चढवला आणि पंचायतीच्या शिपायाला दवंडी द्यायला लावली.

त्या दिवशी मीही चावडीवर गेले. बायका सहसा जात नसत, पण मला घरी बसवेना. हे पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी सांगितलं ते साहेबांचं बोलणं होतं. माझं बोलणं वेगळं आहे. मला भीती वाटते. काल रात्री मी बायकोपोरीला घेऊन बाहेर झोपलो. तुम्हीही बाहेर झोपा."

कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. एवढी माणसं असून चावडीपुढे पाखराचा आवाज ऐकू येत होता. इतके दिवस ज्याची त्याची भीती ज्याच्या त्याच्या घरात होती. आता ती सगळ्यांसमोर येऊन बसली.

गावानं ऐकलं. परड्यात, शेतात, खळ्यावर गवताची खोपटी उभी राहिली. दिवसभर घरात वावरायचं, स्वयंपाक आत करायचा, पण दिवेलागण झाली की सगळे बाहेर. मोहरमच्या जत्रेला आल्यासारखी पोरं हुंदडायची. आणि तेव्हापासून तो आवाजच बंद झाला.

आठवडे गेले. भात कापून झालं, मळणी झाली. पूर्वी महिन्यातून एकदा तरी ती घरघर यायची, आता काहीच नाही. लोक सैल झाले. हे मात्र होईनात. एका संध्याकाळी मास्तर पडवीत बसले होते. हे म्हणाले, "मास्तर, बंद झालं ते मला बरं वाटत नाही."

मास्तर म्हणाले, "पलटनीत तोफा थांबल्या की आमी जास्त भ्यायचो शेठ. चालू हायेत तवर कुटनं येतंय ते तरी कळतंय."

मग थंडी पडली. डोंगरातली थंडी सांगलीच्या माणसाला सांगून कळायची नाही. पहाटे गवतावर दव गोठायचं. प्रत्येक खोपटातून खोकल्याचा आवाज. बिबट्यानं आधी एक कुत्रं नेलं, मग खळ्यावरचं वासरू. ज्यांचं वासरू गेलं त्यांनी आमच्या दारात येऊन बोंब मारली. साताऱ्याहून बोलावणं आलं, तिथे ह्यांना सरपंच असून अफवा पसरवता म्हणून बरंच ऐकून घ्यावं लागलं. परत आले ते मान खाली घालून. चुलत दीर तोवर घरोघर फिरले होते. "पिपाणीवाल्यानं अख्ख्या गावाला उघड्यावर काढलं" हे त्यांचं बोलणं बायकाही पाणवठ्यावर बोलायला लागल्या. पंचायतीत ह्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला आणि पास झाला. दीर सरपंच झाले. त्यांची पहिली दवंडी हीच, की सर्वांनी आपापल्या घरात झोपावं.

गाव आनंदानं आत गेलं. काही जण जाता जाता आमच्याकडे डोकावून गेले, चुकल्यासारखे. "पोरं आजारी पडत्यात, शेठ." हे म्हणायचे, "बरोबर आहे." आमची आळी, वरची आळी, सगळीकडे पुन्हा दारं लागायला लागली. बाहेर राहिलो आम्ही आणि बौद्धवाड्यातली काही घरं.

मास्तरही एक दिवस आले. चालताना त्यांना दम लागत होता, छाती वाजत होती. "शेठ, डागदर म्हनतोय भायेर निजू नगा. पोरं, सून, नातवंडं खोपटातच हायेत. मी येकलाच आत जातो."

"इथे या," हे म्हणाले. "आमच्या खोपटाला गवत जाड आहे. आपण शेकोटी करू."

"तुमच्या परड्यात म्यां निजायचं?" मास्तर हसले, ते हसणं खोकल्यात गेलं. "तुमचं दीर दुसरा ठराव आनतील शेठ."

ह्यांनी त्यांना हात धरून वाड्यापर्यंत सोडलं. मास्तरांच्या बायकोनं नंतर मला सांगितलं, की तिनं फार अडवलं. पण रात्रभर त्यांचा जीव गुदमरायचा, ते तिलाही बघवेना. शेवटी तीही त्यांच्याबरोबर आत झोपायला लागली. छाती शेकायला कोणीतरी जवळ हवं होतं.

लोक पुढे सांगायचे, की आदल्या रात्री कुत्री रडत होती, आभाळ लाल झालं होतं, विहिरीचं पाणी गढुळलं होतं. मी सांगते, तसं काही नव्हतं. डिसेंबरातली साधी संध्याकाळ होती. ह्यांनी थोडं वाजवलं. मी भाकरी केल्या. पोरीनं चांदण्या मोजायचा हट्ट केला आणि मोजता मोजता झोपली.

पहाटे मला जाग आली ती आवाजानं. तो या वेळी लांबून आला नाही. कान भरून गेले, आणि मग अंगाखालची जमीन कोणीतरी सतरंजीसारखी हिसडली. मी पोरीवर पालथी पडले. हे आम्हा दोघींवर. खोपट आमच्या अंगावर आलं, पण ते गवत होतं. त्याच्याखाली आम्ही श्वास घेत पडून होतो आणि बाहेर सगळं कोसळत होतं. दगडावर दगड, कौलं, वासे. ते थांबल्यावर मी डोकं बाहेर काढलं तर काहीच दिसेना. धुळीनं चांदण्या झाकल्या होत्या. तेवढ्यात आधी एका बाजूनं, मग चहूकडून माणसं एकमेकांना हाका मारायला लागली. काही हाकांना उत्तर येत होतं.

आमच्या घराची पुढची भिंत रस्त्यावर पडली होती. गोदाम उरलं नव्हतं. हे त्याकडे वळूनही न बघता बौद्धवाड्याकडे पळाले.

उजाडल्यावर पोरीला कडेवर घेऊन मी तिकडे गेले. वाटेत सगळा हिरडा पसरला होता, पाय घसरत होते. वाड्यातली घरं सगळ्यांत जुनी आणि ओढ्याच्या भुसभुशीत काठावर. निम्मी तरी बसली होती. मास्तरांच्या दाराजागी दगडांचा ढीग होता आणि बँडातली माणसं आणि हे हातांनी दगड उपसत होते. मास्तरांची बायको जवळच बसली होती. तिच्या हातात अर्धवट जळालेलं लाकूड होतं.

"आत्ताच भायेर आले हुते, वैनी," ती मला म्हणाली. "इस्तू पेटवाया. त्यांस्नी शेकायला." तेच ती पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा.

मास्तर सापडले तेव्हा ऊन चढलं होतं. अंगावर घोंगडं तसंच होतं. ह्यांची बोटं सोलून निघाली होती. त्याच हातांनी ह्यांनी मास्तरांच्या चेहऱ्यावरची माती पुसली. गावात आणखीही माणसं गेली होती, वरच्या आळीत एक म्हातारी आणि दोन लेकरं. त्या दिवशी कोण कोणाच्या घरचं, हे कोणी पाहिलं नाही. बँडातल्या माणसांनी सगळ्यांना खांदे दिले.

रात्री शेकोटीशी मी ह्यांना म्हणाले, "तुम्ही तर सांगितलं होतं सगळ्यांना."

"बाहेर झोपा म्हणून सांगितलं," हे म्हणाले. "कशात झोपायचं ते पाहिलं नाही. गवताच्या खोपटात म्हातारं माणूस थंडीत कसं राहील, हा विचार मी केला नाही. आपल्या गोदामावर पत्रा होता. तो काढून दिला असता तरी झालं असतं."

मी पुष्कळ समजावलं. ह्यांनी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी हे मिळेल त्या वाहनानं सांगलीला, माझ्या भावाकडे गेले. मला वाटलं, आमची राहायची सोय बघायला गेलेत. मी ट्रंका बांधून ठेवल्या. मला तिथे आता एक दिवस काढायचा नव्हता. जमीन दिवसातून कितीदा तरी हलत होती आणि दर वेळी बायका लेकरांना छातीशी धरून मोकळ्या जागेत पळत होत्या. हे परतले ते पत्रे, वासे आणि घोंगड्या भरलेला ट्रक घेऊन. मी ट्रंका दाखवल्या. हे म्हणाले, "तू पोरीला घेऊन जा. मी इथलं उरकून येतो." मी ट्रंका सोडल्या. रागानंच सोडल्या.

पहिले पत्रे बौद्धवाड्यात लागले. त्यावरून भांडण झालं. चुलत दीर, आता सरपंच, आळीतल्या चारचौघांना घेऊन आले.

"आपल्या बायका उघड्यावर, आणि तू आधी तिकडे छप्पर घालतोस?"

"तिथे घरं जास्त पडलीत, दादा," हे म्हणाले. "आणि तिथली माणसंही आधी बाहेरच झोपत होती. त्यांना आत कोणी घातलं?"

दिरांचं तोंड उतरलं. ते आले तसे माघारी गेले, पण आळी ते बोलणं विसरली नाही. आमच्याही अंगणात पत्रे आले, सगळ्यांनाच पुरले, आणि घेताना कोणी मागेपुढे पाहिलं नाही. मात्र त्या हंगामात आळीतलं कोणी आमच्या दुकानाची पायरी चढलं नाही. हिरडा रानातल्या लोकांनी आणून घातला म्हणून आम्ही तगलो. क्लॅरिनेटला ह्यांनी कित्येक महिने हात लावला नाही. पुढल्या पंधरा ऑगस्टला मास्तरांचा मुलगा बोलवायला आला, म्हणाला, "आबांच्या जाग्याला कुनी न्हाई." तेव्हा हे गेले आणि बँडात मागच्या रांगेत खुर्चीवर बसून वाजवलं.

मी मात्र खरी हादरले ती नंतर, उन्हाळ्यात. घरं बांधायला सुरुवात झाली तेव्हा लोकांनी त्याच जागी, त्याच दगडांनी, तशाच मातीत भिंती उचलल्या. हे दारोदार फिरले. भिंत बुटकी ठेवा, वर पत्रा घाला, लाकूड वापरा. मास्तरांच्या बायकोनं ऐकलं, बौद्धवाड्यानं बरंचसं ऐकलं. आळीत थोडक्यांनी. "आता हून गेलं की," लोक म्हणायचे, "परत कशाला हुईल?" मधूनमधून पायांखाली बारीक थरथर व्हायची. बोलणारा माणूस गप्प व्हायचा, ती जाऊ द्यायचा आणि पुढचा दगड उचलायचा.

चुलत दिरांनी दुमजली बांधलं. घडीव दगडाचं, पहिल्यापेक्षा उंच. वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं होतं. हे गेले, सगळ्यांबरोबर पंगतीला बसले, जेवले. मी पोरीला घेऊन बाहेर अंगणात थांबले. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "आत ये ना, असं काय परक्यासारखं?" मी म्हटलं, "पोरीला झोप आलीय." पोरगी टक्क जागी होती. ते घर अजून उभं आहे. त्यांची नातवंडं वरच्या मजल्यावर राहतात.